गॅरेजखालचा स्कंक दरवर्षी परत येतोय? आधी पीठ पसरा, मग जाळी आणा

स्कंक म्हणजे साधारण मांजराएवढा, काळा-पांढरा प्राणी, जो घाबरला की शेपटीखालून भयंकर घाण वासाचा फवारा मारतो. आपल्याकडे हा प्राणीच नाही. त्यामुळे अमेरिकेत पहिलं घर घेतलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला काय झालंय तेच कळत नाही. आम्हालाही कळलं नव्हतं. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजखाली तीनदा आणि ओळखीपाळखीच्या पाच-सहा घरी हाच उद्योग निस्तरल्यावर आता नुसता फोनवर वास वर्णन करून सांगितला तरी मला अंदाज येतो. दर खेपेला तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच टाकते. आधी लक्षणं.

स्कंकच आहे ना?

वास हे पहिलं लक्षण. जळलेलं रबर आणि सडलेला लसूण एकत्र केल्यासारखा. एका रात्री भपकारा आला आणि दोन दिवसांत गेला, तर स्कंक नुसता जाताजाता कुणावर तरी चिडला असेल, किंवा रस्त्यावर गाडीखाली आला असेल. त्यासाठी काही करायची गरज नाही. पण गॅरेजच्या एकाच कोपऱ्यात मंद वास सतत असेल आणि पाऊस पडला की वाढत असेल, तर त्याने तिथे बिऱ्हाड केलंय असं समजा.

दुसरं, लॉनमध्ये सकाळी दिसणारे छोटे खड्डे. तीन-चार इंच रुंद, वर पसरट आणि खाली निमुळते, एखाद्याने बोटाने टोकरल्यासारखे. हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून उलटी टाकलेली असेल, तर तो रॅकून, म्हणजे डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला इथला दुसरा निशाचर.

तिसरं, गॅरेजच्या काँक्रीटच्या कडेला किंवा पायरीखाली मांजर आरामात शिरेल एवढं बीळ. बीळ त्याहून बरंच मोठं, पुढ्यात मातीचा ढीग आणि दिवसाढवळ्या ये-जा, असं असेल तर तो ग्राउंडहॉग, खारीच्या कुळातला पण बराच मोठा, बिळात राहणारा प्राणी. स्कंक रात्रीचा.

चौथं, पावलं. स्कंकच्या चारही पायांना पाच-पाच बोटं, आणि पुढच्या पंजाची लांब नखं बोटांच्या बरीच पुढे उमटतात. मांजराची चार बोटं दिसतात, नखं उमटत नाहीत.

पहिली तपासणी फुकटची, पण टाळू नका

वास घराच्या आत येतोय का? येत असेल तर स्कंकचा विचार बाजूला ठेवा आणि आधी गॅस तपासा. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम गंधकाची दुर्गंधी संयुगं मिसळतात, आणि स्कंकच्या फवाऱ्यातली संयुगंही त्याच कुळातली, थायॉल. त्यामुळे माणसं दोन्हीकडून फसतात. शंका आली तर दिव्याचं बटण दाबू नका, गॅरेजचं दार मोटारीने उघडू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर किंवा ९११ वर फोन करा. आमच्या ओळखीत एकाकडे आठवडाभर ‘स्कंक आहे, स्कंक आहे’ म्हणत बसले होते आणि निघाली वॉटर हीटरच्या जोडणीतली गळती. नशीब थोर म्हणायचं.

शेजाऱ्याचा गांजाही बराचसा असाच वास मारतो. न्यू जर्सीत २०२२च्या एप्रिलपासून तो दुकानात उघड मिळतो, तेव्हा हीही शक्यता धरून चला. तो वास साधारण ठरावीक वेळी येतो आणि पावसाने वाढत नाही.

दुसरी: खायला कोण घालतंय?

स्कंक घर बघत येत नाही, खाणं बघत येतो आणि जवळच जागा मिळाली तर राहतो. त्यामुळे एका संध्याकाळी गॅरेजभोवती फेरी मारा. मांजराची वाटी बाहेर आहे? पक्ष्यांच्या दाणापेटीखाली दाणे सांडलेत? कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट बसतं? ग्रिलखालचा तेलाचा ट्रे शेवटचा कधी धुतला?

आपल्या घरांत आणखी काही गोष्टी असतात ज्या इथल्या माहितीपत्रकांत कधी सापडणार नाहीत. गॅरेजच्या जमिनीवर टेकवून ठेवलेली तांदळाची पोती, कणकेच्या पिशव्या. त्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे स्कंक, कारण उंदीर हे त्याचं आवडतं खाणं. आणि पितृपक्षातला कावळ्याचा घास. एका काकूंकडे दर सप्टेंबरात स्कंक यायचा, आणि त्या दरवर्षी लॉनच्या औषधाला दोष द्यायच्या. घास पॅटिओवर पानात ठेवलेला, कावळा यायचा नाही, पान रात्रभर तसंच. मग वडे-खीर कोण खाणार? आता त्या दुपारपर्यंत वाट बघतात आणि उरलेलं उचलून आत घेतात. पितरांची तक्रार अजून आलेली नाही.

ही तपासणी आधी का? कारण खाणं तसंच ठेवून तुम्ही पुढचं सगळं केलंत, तर एक स्कंक जाईल आणि दुसरा येईल.

तिसरी: दाराखालची पट्टी

दिवसा गॅरेजमध्ये जा, दार बंद करा, दिवे घालवा आणि जमिनीवर वाका. दाराखाली उजेडाची रेघ दिसतेय का? विशेषतः दोन्ही कोपऱ्यांत. तिथलं रबर उन्हाने-थंडीने आकसतं, उंदीर कुरतडतात. फट लहान असली तरी पिल्लं शिरतात. खालची रबरी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि घरच्या घरी बदलता येते. दाराच्या स्प्रिंगला मात्र हात लावू नका, त्यात एवढा ताण असतो की हात जायबंदी होईल.

बऱ्याचदा फटीचा प्रश्नच नसतो. संध्याकाळी मुलं सायकली काढतात, दार उघडंच राहतं, स्कंक आत येतो, कोणीतरी झोपताना बटण दाबतं आणि तो अडकतो. असा आत सापडला तर आरडाओरडा नको, झाडू नको, टॉर्चचा झोत तोंडावर नको. पुढचे पाय जमिनीवर आपटायला लागला किंवा शेपूट ताठ उभी केली, तर ती धमकी आहे. हळूच मागे सरका. त्याला लांबचं फार दिसत नाही, सावकाश हललात तर तो सोडून देतो. तीन मीटरपर्यंत त्याचा नेम चुकत नाही, पण फवारा तो उगाच वाया घालवत नाही. घराकडचं आतलं दार बंद करा, अंधार पडायच्या आधी बाहेरचं दार पूर्ण उघडा, उंबऱ्यावर पिठाचा पट्टा पसरा, कुत्र्याला आत डांबा. रात्री बाहेर जाणारी पावलं दिसली की दार लावा. एवढंच. आमच्या मित्राने शौर्य दाखवलं होतं. त्याची गाडी विकेपर्यंत पावसाळी हवेत वास देत होती.

चौथी: पीठ

सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. बीळ सापडलं की माणसाचा पहिला विचार असतो ते बुजवायचा. दगड, माती, काँक्रीट, जे हाताला लागेल ते. आत प्राणी असताना बुजवलंत तर दोनपैकी एक होतं. एकतर तो दुसरीकडून उकरून बाहेर येतो आणि आता तुमच्याकडे दोन बिळं असतात. नाहीतर आतच मरतो, आणि मग जो वास सुटतो त्यापुढे जिवंत स्कंकचा वास अत्तर वाटेल. तेव्हा बीळ रिकामं आहे हे आधी सिद्ध करायचं.

पद्धत सोपी. बिळाच्या तोंडाशी दोन फूट बाय दोन फूट जागेत पीठ पातळ पसरा. जुनी, अळ्या पडलेली कणीक चालते, किंवा तांदळाची पिठी. सूर्यास्ताआधी पसरा आणि अंधार पडल्यावर दोन-एक तासांनी लांबून टॉर्चने बघा. बाहेर जाणारी पावलं दिसली तर तो खायला गेलाय. पावलांची दिशा बघायची, हे विसरू नका. मी पहिल्यांदा नुसती ‘पावलं आहेत’ एवढंच बघितलं होतं, ती आत जाणारी होती.

पावसाची शक्यता असेल तर पिठाऐवजी वर्तमानपत्राचे बोळे बिळाच्या तोंडात सैल कोंबा. तीन रात्री बोळे हलले नाहीत तर बीळ बहुधा रिकामं.

‘बहुधा’ हा शब्द मला महागात पडला. आमच्याकडे दुसऱ्यांदा बीळ झालं ते हिवाळ्याच्या तोंडावर. डिसेंबरात मी बोळे कोंबले, चार दिवस हलले नाहीत, मी खूश. माती-दगड भरून मोकळी झाले. स्कंक हिवाळ्यात पूर्ण झोपी जात नाही, पण कडाक्याच्या थंडीत अंगावरच्या चरबीवर दिवसच्या दिवस, कधी आठवडे, बिळात पडून राहतो. मादी असेल तर एका बिळात तीन-चार जणीही एकत्र. म्हणजे माझे बोळे हलले नव्हते कारण आतली मंडळी हललीच नव्हती. फेब्रुवारीत पायरीच्या बाजूने नवं बीळ निघालं आणि वास थेट स्वयंपाकघरात.

त्यामुळे वेळापत्रक असं. फेब्रुवारी-मार्च विणीचा हंगाम, नर भटकत असतात, मादीने झिडकारलं की फवारे उडतात. या दिवसांत वास आला म्हणून घाबरून खोदकाम काढू नका. मे-जूनमध्ये पिल्लं होतात, साधारण चार ते सहा, आणि सहा-आठ आठवडे बिळातच असतात. तेव्हा आई बाहेर गेली म्हणून बीळ बंद करायचं नाही. पिल्लं आत मरतील, आणि आई भिंत उकरत बसेल. जुलै-ऑगस्टात ती आईमागे रांग लावून बाहेर पडायला लागतात. बीळ बंद करायला सगळ्यात चांगला काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. तोपर्यंत थांबायला लागलं तर थांबा.

पाचवी: लॉनखाली काय वळवळतंय

तिसऱ्या वेळी, म्हणजे खाणं उचललं, पट्टी बदलली, बीळ बुजवलं, तरी स्कंक आलाच, तेव्हा उत्तर माझ्या सासऱ्यांनी दिलं. ते वाळवा तालुक्यातले, जन्मभर उसाची शेती. सहा महिन्यांसाठी आले होते. लॉनमधले खड्डे बघून त्यांनी गॅरेजमधून खुरपं आणलं, हिरवळीचा एक तुकडा उचकटला आणि हसायला लागले. “अगं, ही तर हुमणीच की! हिच्यापायी ऊस वाळतो आमच्यात.” पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या. चौरस फुटाच्या तुकड्यात बारा-पंधरा.

जात वेगळी, कूळ तेच. आपल्याकडे वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर-बाभळीवर भुंगेरे जमतात आणि मग त्यांच्या अळ्या मुळं खातात. इथे जून-जुलैत गुलाबावर हिरवे-तांबूस चमकणारे जपानी भुंगेरे येतात आणि लॉनमध्ये अंडी घालतात. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोही १९१६ साली, न्यू जर्सीतच. स्कंकला या अळ्या म्हणजे पंगत.

तुमच्याकडे आहेत का ते बघायला खुरपं पुरतं. चौरस फुटात दोन-चार असतील तर सोडून द्या, निरोगी हिरवळ तेवढं सोसते. दहाच्या वर असतील तर ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, अळ्या लहान आणि वरच्या थरात असताना, त्यांना मारणारे सूत्रकृमी (मातीत राहणारे अगदी सूक्ष्म कृमी) मिळतात ते पाण्यातून सोडा. संध्याकाळी, जमीन आधी भिजवून, कारण ऊन आणि कोरडी माती त्यांना मारते. मे महिन्यात औषध मारून पैसे घालवू नका. तेव्हा अळी मोठी असते, दाद देत नाही, आणि थोड्याच दिवसांत कोष करणार असते. सासऱ्यांनी मात्र दोन संध्याकाळी खुरप्यानेच बादलीभर अळ्या काढल्या. परत जाताना खुरपं मला देऊन गेले.

जे करून बघू नये

डांबरगोळ्या. प्रत्येक जण आधी हेच सुचवतो. त्यातलं नॅफ्थलीन उघड्यावर स्कंकला हटवत नाही, पण लहान मुलांना, कुत्र्याला आणि मातीला बाधतं. शिवाय वेष्टनावर दिलेल्या वापराव्यतिरिक्त कीटकनाशक वापरणं इथे कायद्याने गुन्हा आहे. अमोनियात भिजवलेल्या चिंध्याही नकोत, आणि त्यानंतर कुणी ब्लीच ओतलं तर विषारी वायू तयार होतो. विषाचं आमिष तर नाहीच.

उजेड आणि आवाज यांचा थोडा उपयोग होतो, बिळात पिल्लं नसतील तर. आम्ही बिळाशी कामाचा दिवा आणि रेडिओ ठेवून रात्रभर क्रिकेटची कॉमेंट्री लावली होती. तिसऱ्या रात्री तो गेला. सामना कंटाळवाणा होता हेही कारण असेल.

पिंजरा लावू नका. लावणं सोपं आहे, पुढे काय? धरलेला स्कंक लांब जंगलात नेऊन सोडणं अनेक राज्यांत बेकायदा आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये, कॅलिफोर्नियातही. कारण रेबीज. आपल्या डोक्यात रेबीज म्हणजे पिसाळलेला कुत्रा. इथे कुत्र्यांमधला रेबीज संपल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. आता तो रॅकून, स्कंक, कोल्हा, वटवाघूळ यांच्यात फिरतो.

शेवटची आणि कष्टाची: जाळी

बीळ रिकामं ठरलं की नुसती माती भरू नका, ती त्याला एका रात्रीचं काम आहे. हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळणारी अर्ध्या इंची भोकांची जस्ताची जाळी आणा. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी नको, ती वाकते आणि गंजते.

खोदायच्या आधी ८११ वर फोन करा. जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी कुठून जातात ते खुणा करून देतात, फुकट. हा फोन टाळून वाचलेले दोन दिवस फार महाग पडू शकतात.

मग भिंतीलगत एक फूट खोल चर काढा. जाळी वर भिंतीला स्क्रू आणि वॉशरने पक्की करा, सरळ खाली सोडा आणि तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी एक फूट आडवी वळवा, इंग्रजी एल अक्षरासारखी. आडवा भाग बाहेरच हवा. स्कंक नेहमी भिंतीच्या अगदी मुळाशी उकरतो, जाळी लागते, पुन्हा तिथेच उकरतो. दोन पावलं मागे जाऊन सुरुवात करावी, हे त्याच्या डोक्यात येत नाही. नुसती उभी जाळी लावलीत तर तो खालून जातो. आमच्याकडे पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. जाळी फक्त बिळापाशी न लावता गॅरेजची ती पूर्ण बाजू घ्या, पायरीसकट. स्कंकला चढणं फारसं जमत नाही, त्यामुळे वरची काळजी नको.

रिकामं आहे की नाही याबद्दल थोडीही शंका असेल तर बिळाच्या तोंडावर एकदिशी झडप लावा. जाळीचाच मोठा तुकडा, वरच्या कडेला बिजागरीसारखा अडकवलेला, बाहेर ढकलला जाईल पण आत नाही. पाच-सहा रात्री ठेवा, रोज पीठ बघा, मग बंद करा. पिल्लांच्या महिन्यांत ही झडप वर्ज्य.

अंगावर उडालंच तर

टोमॅटोचा रस नको. नाकाला वासाची सवय होते म्हणून फरक वाटतो, वास जात नाही. पॉल क्रेबाउम या रसायनशास्त्रज्ञाचा १९९३चा नुस्खा खरा चालतो: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एक क्वार्ट, म्हणजे साधारण ९५० मिली, पाव कप खायचा सोडा, एक-दोन चमचे भांड्याचा लिक्विड साबण. ताजं कालवा, कोरड्या कुत्र्यावर चोळा, पाच मिनिटांनी धुवा, डोळ्यांत जाऊ देऊ नका. उरलेलं बाटलीत भरून ठेवू नका, वायू साठून बाटली फुटते. केस थोडे भुरे होतात, चालायचंच. पाण्याने आधी धुवायचं नाही, कारण फवाऱ्यातली काही संयुगं पाणी लागल्यावर हळूहळू थायॉलमध्ये बदलतात. पावसात वास परत येतो तो याचमुळे. कुत्र्याच्या तोंडावर भरपूर उडालं असेल आणि नंतर तो मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्कंक दिवसा दिसला म्हणजे पिसाळला असं नाही, पिल्लांची आई दिवसाही बाहेर पडते. पण झोकांड्या खात असेल, मागचे पाय ओढत असेल, माणसाला न घाबरता अंगावर येत असेल, तर मुलांना आत घ्या आणि गावाच्या ॲनिमल कंट्रोलला फोन करा. चावला किंवा ओरखडला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच इमर्जन्सीत जा, सोमवारची वाट बघू नका. नुसत्या फवाऱ्याने रेबीज होत नाही.

बिळातून चिवचिव, कुजबुज ऐकू आली आणि ऑगस्टपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर तिथेही स्वतः काही करू नका. काँक्रीटखाली काठी घातली आणि ती हातभर आत गेली, किंवा फरशीला नवा तडा दिसला, तर खाली पोकळी झालीय. तिथे प्राण्यांच्या माणसानंतर बांधकामाचाही माणूस लागेल. आणि एकदा नीट जाळी लावूनही त्याच हंगामात नवं बीळ निघालं तर तुमच्या नजरेतून काहीतरी सुटतंय, दुसरे डोळे हवेत.

माणूस बोलवताना राज्याचा परवाना विचारा, आणि फोनवरच एक प्रश्न टाका: “प्राणी काढल्यावर जागा बंद करून देता का, आणि त्याची हमी किती महिन्यांची?” नुसता पिंजरा लावून दर स्कंकमागे पैसे घेणारा असेल तर पुढचा नंबर फिरवा.